23 शुक्रवार

ठाण्याच्या एका केबल वाहिनीवर शुक्रवारी रात्री 9 वाजता आमचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. पहिला भाग 26 ऑक्टोबर 2012 ला गेला, दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. शेवटचा 29 मार्च 2013 ला. मधला एकही शुक्रवार आम्ही चुकवला नाही, म्हणजे एकूण 23 भाग झाले. कार्यक्रमाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की मालक कोण ते ठाण्यात लगेच कळेल, आणि मला त्यांच्याशी आता भांडण काढायचं नाही. पण तो कार्यक्रम कसा उभा राहिला, आठवडाभर काय काय करावं लागायचं आणि तो कसा थांबला, हे लिहून ठेवावं असं फार वर्षं मनात होतं.

मी तेव्हा 26 वर्षांची होते, कळव्याला राहायचे आणि एका जाहिरातींच्या साप्ताहिकात प्रूफं तपासायचे. ज्यांनी मला बोलावलं त्यांना मी 'सर' म्हणायचे. आयुष्यभर वर्तमानपत्रात काम करून ते निवृत्त झाले होते आणि नौपाड्यात राहत होते. केबलमालकांच्या तीन वाहिन्या होत्या, एक पिक्चरची, एक भजन-कीर्तनाची आणि तिसरी अर्धा दिवस रिकामीच. त्या तिसऱ्यावर आठवड्यातून अर्धा तास सरांनी मागून घेतला. माझ्या पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "अगं, मोठ्या वाहिन्यांच्या गाड्या ठाण्यात कधी येतात? निवडणूक असली की, पाणी तुंबलं की, बिल्डिंग पडली की. उरलेल्या दिवशी आपण जायचं."

त्याच दुपारी त्यांनी मला जांभळी नाक्यावरून लाल कापडी पाठीची एक लांब वही आणायला लावली. तिच्यात पट्टीने सहा रकाने आखायला सांगितले. तारीख. विषय. कोण बोललं. काय कबूल केलं. कधीपर्यंत. झालं का?

आमचा सगळा कार्यक्रम खरं म्हणजे त्या सहाव्या रकान्यासाठी होता. भागाची पहिली चार मिनिटं ठरलेली असायची. जुन्या भागांत कुणी काही कबूल केलं असेल तर ते त्यांच्याच तोंडून, जुन्याच बाइटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यावर टिपलेल्या बोलण्यात, पुन्हा दाखवायचं आणि मग आज त्या जागी उभं राहून काय दिसतं ते दाखवायचं. बातमी करणारे पुष्कळ असतात. तीन आठवड्यांनी त्याच गटाराच्या झाकणापाशी पुन्हा जाऊन उभं राहणारे कमी असतात. आजही मला वाटतं की स्थानिक पत्रकारितेत याहून मोलाचं काम दुसरं नाही.

आठवड्याची चाल अशी होती. सोमवारी बैठक, विषय पक्का. मंगळवार-बुधवार शूट. गुरुवारी एडिट आणि स्टुडिओ, शुक्रवारी दुपारपर्यंत डीव्हीडी. लिहिताना सुटसुटीत वाटतं. प्रत्यक्षात माणसं चारच. सर, मी, कॅमेरावाला दादा आणि एडिटिंगला बसणारा एक कॉलेजचा मुलगा. दादाची मूळ कमाई लग्नांच्या शूटिंगची. कॅमेरा सोनीचा पीडी 170, तोही त्याचा स्वतःचा, त्यामुळे लग्नसराईत मुहूर्त बघून आमचं शूट ठरायचं. बाहेर सगळीकडे मेमरी कार्ड येत होती तेव्हा आमच्याकडे छोट्या डीव्ही टेपा होत्या. टेप साठ मिनिटांची, आणि कंप्युटरवर घ्यायलाही साठच मिनिटं लागायची, कारण ती चालवत चालवतच कॅप्चर करावी लागते. दोन टेपा भरल्या की गुरुवारचे दोन तास गेलेच. म्हणून मी शूटच्या वेळीच कागदावर टाइमकोड टिपायला शिकले. कोणती बाइट कितव्या मिनिटाला हे लिहिलेलं असलं की तेवढाच तुकडा घेता यायचा. बाइट घेताना समोरच्याच्या डोळ्यात बघायचं, कॅमेऱ्याच्या आकड्यांकडेही लक्ष ठेवायचं आणि लेपल माइक ओढणीत अडकणार नाही हेही बघायचं. पहिल्या चार भागांत मला हे जमत नव्हतं, पाचव्यापासून हात बसला.

स्टुडिओ म्हणजे कोपरीत, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, पहिल्या मजल्यावरची एक खोली. भिंतींना गादीवाल्याकडून आणलेला स्पंज चिकटवलेला, मागे निळा पडदा, दोन खुर्च्या, एक टीपॉय. पंखा लावला की त्याची घरघर माइकमध्ये यायची, म्हणून रेकॉर्डिंगभर पंखा बंद. हॅलोजनचे दोन दिवे तोंडावर. आणि फास्ट लोकल गेली की सगळ्यांनी थांबायचं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचं, "गाडी आली की मी हात वर करीन, तुम्ही वाक्य तोडा, गाडी गेली की पहिल्यापासून बोला." एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, तलावांच्या भागासाठी. त्यांचं एक वाक्य तीन गाड्यांनी तोडलं. चौथ्यांदा त्या तेच वाक्य इतक्या शांतपणे बोलल्या की आम्ही त्या भागाची सुरुवातच त्या वाक्याने केली. मासुंदा, कचराळी, उपवन, सिद्धेश्वर ही नावं ठाणेकर रोज घेतात. पण त्यांच्या लहानपणीचा एक तलाव आज कोणत्या इमारतीखाली आहे, हे त्यांनी बोट दाखवून सांगितलं होतं.

तयार झालेली डीव्हीडी घेऊन मी स्वतः हेडएंडला, म्हणजे केबलचा सिग्नल जिथून सुटतो तिथे, जायचे. केबल टीव्ही घरात कसा पोहोचतो हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. गच्चीवर डिश, खाली एका थंड खोलीत लोखंडी रॅक, रॅकवर प्रत्येक चॅनलचा एकेक मॉड्युलेटर, म्हणजे चित्र वायरीवर चढवणारं यंत्र. सगळ्यांची तोंडं एकत्र करून एका जाड वायरीत सोडलेली. आणि रॅकच्या खालच्या फळीवर एक साधा घरगुती डीव्हीडी प्लेअर, तो आमच्या वाहिनीचा. नऊ वाजता तिथला मुलगा बटण दाबायचा आणि खोपटपासून खारेगावापर्यंत जिथे जिथे ती वायर गेली होती तिथे आमचा कार्यक्रम दिसायचा. एकदा डीव्हीडीवर चरा पडला आणि चौदाव्या मिनिटाला चित्र गोठलं. बोलणाऱ्या बाईंचं तोंड उघडं, तसंच सहा मिनिटं. तो मुलगा जेवायला गेला होता. मी कळव्याच्या घरातून फोनवर फोन करत होते आणि आई टीव्हीसमोर हात जोडून बसली होती. पुढच्या शुक्रवारपासून मी दोन डीव्हीडी न्यायला लागले आणि भाग संपेपर्यंत रॅकसमोरच्या स्टुलावर बसायला लागले.

नोव्हेंबरच्या एका आठवड्याबद्दल लिहिलंच पाहिजे. 17 तारखेला, शनिवारी, बाळासाहेब ठाकरे गेले. ठाण्यासारख्या शहरात त्या दिवशी काय झालं असेल ते सांगायला नको, दुपारनंतर शटरं खाली आली आणि रस्ते गप्प झाले. आमचा ठरलेला विषय बाजूला पडला. बुधवारी कसाबच्या फाशीची बातमी आली. आणि या दोन्हींच्या मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, एकीने फेसबुकवर बंदबद्दल लिहिलं म्हणून आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा 2014 साली झाला. म्हणजे देशभर गाजलेली ती बातमी आमच्या जिल्ह्याची होती. सोमवारच्या बैठकीत मी हाच विषय मांडला. सर हो म्हणाले. संध्याकाळी मालक येऊन बसले. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "सर, माझ्या वायरी उघड्या रस्त्यावरून जातात." त्या शुक्रवारी आम्ही ठाणेकरांच्या आठवणींचा भाग केला. लोक मनापासून बोलले, कित्येकांचे डोळे भरून आले होते, तो भाग खोटा नव्हता. पण दुसरा भागही करायला हवा होता, निदान पुढच्या शुक्रवारी. तो आम्ही केला नाही. ज्या कलमाखाली ती अटक झाली ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2015 मध्ये रद्द केलं, तेव्हा मी ती लाल वही काढून पाहिली. त्या आठवड्याच्या ओळीत पालघर हा शब्द नाही. मालकांची भीती मला कळत होती, केबलवाल्याची वायर कापायला रात्रीची दहा मिनिटं पुरतात. तरी ही ओळ माझ्या मनात अजून रिकामी आहे.

डिसेंबरमध्ये दिल्लीची बसमधल्या सामूहिक बलात्काराची घटना घडली आणि आम्ही शेवटच्या लोकलचा भाग केला. ठाण्याहून वाशीकडे जाणारी ट्रान्सहार्बरची गाडी, रात्रीची, बायकांचा डबा. दादाला त्या डब्यात चढता येईना, म्हणून कॅमेरा मीच हातात धरला. चित्र हललं, पण बायका बोलल्या. ऐरोलीच्या आयटी कंपनीतल्या मुली, तुर्भ्याला मसाला मार्केटमध्ये निवडायला जाणाऱ्या बायका, कोपरखैरण्याची एक नर्स. ती म्हणाली, "डब्यात पोलीस असला तर मी डोळे मिटते. नसला तर नाही मिटत." दोन वाक्यं, अकरा सेकंदं. दुसऱ्या दिवशी मला बाजारात ओळखून थांबवणाऱ्या बायकांनी हीच वाक्यं मला परत म्हणून दाखवली.

जानेवारीत खारेगावचं रेल्वे फाटक केलं. ते माझ्या घरचं दुखणं होतं. फाटक उघडं राहिलं की लोकल खोळंबायच्या आणि बंद राहिलं की माणसं. सकाळी साडेआठला बंद फाटकाखालून शाळेच्या दप्तरासकट वाकून जाणारी मुलं आम्ही दाखवली. एका कार्यालयातले अधिकारी स्टुडिओत आले, सभ्यपणे बोलले, तिथे उड्डाणपूल होणार हे त्यांनी नकाशा पसरून दाखवलं. 'काय कबूल केलं' या रकान्यात मी लिहिलं, पूल. 'कधीपर्यंत' मध्ये लिहिलं, दोन वर्षं.

फेब्रुवारीत एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली. मजूर नाक्यावर सकाळी उभी राहणारी माणसं वाढली होती आणि बोलीवरून कळत होतं की ही जालना, बीड, परभणीकडची आहेत. 2012 चा पाऊस मराठवाड्यावर रुसला होता आणि उन्हाळा लागायच्या आधीच तिकडची पाण्याची बोंब मुंबईच्या पेपरांत यायला लागली होती. आम्ही नाक्यावरच भाग केला. तिथे परभणीकडची एक बाई भेटली, कडेवर मूल आणि हातात घमेलं. नवरा बिगारी. मी विचारलं, राहता कुठे? ती म्हणाली, "शिळफाट्याला. नवी बिल्डिंग हाय. लई सस्ती भेटली खोली, डिपॉझिट बी नाय. वर अजून काम चालूच हाय की." आणि मग, "या की ताई बघाया एकदा."

सर बाइट ऐकत होते. त्यांनी टेप मागे घ्यायला सांगितली. "वर काम चालू आहे आणि खाली माणसं राहतायत?"

26 फेब्रुवारीला, मंगळवारी, मी आणि दादा शिळफाट्याला गेलो. मुंब्र्याहून शेअर रिक्षाने. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना सहा-सात मजल्यांच्या इमारती, एकमेकींना इतक्या चिकटून की एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत ताट देता यावं. बऱ्याचशा अजून विटांच्याच, प्लास्टर नाही. जिन्याला कठडा नाही. त्या बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दार म्हणजे प्लायचा तुकडा. आत शिरले आणि पहिली गोष्ट दिसली ती चूल-भांडी नाहीत, खोलीच्या मधोमध ठेवलेली एक निळी बादली. तिच्यात थेंब पडत होते. वर कुठेतरी ताज्या स्लॅबला पाणी मारत होते आणि ते मजल्यामजल्यातून झिरपत इथवर येत होतं. बाईंनी चहा टाकला. दादाने कॅमेरा बादलीवर लावला आणि मी त्यांना विचारत राहिले. भाडं किती, पावती मिळते का, वीज कुठून, पाणी कुठून. त्या एकेक सांगत होत्या. चहा पिता पिता बादली भरली आणि त्यांनी बोलता बोलता ती मोरीत ओतून पुन्हा जागेवर ठेवली, रोजच्या सवयीने, थेंबाच्या बरोबर खाली.

नंतर आम्ही गच्चीकडे गेलो. पाचव्या मजल्यापासून वर बल्ल्यांचं रान. स्लॅबला दिलेले टेकू काही ठिकाणी विटांच्या तुकड्यांवर उभे केलेले. दादाने आयुष्यभर लग्नं शूट केली, पण त्याचे वडील गवंडी होते. तो कॅमेरा डोळ्याला लावूनच म्हणाला, "ताई, इथून खाली उतरू या."

हा भाग 8 मार्चला जायचा होता. गेला नाही. सरांचा एक नियम होता, ज्याच्या कामावर बोट ठेवायचं त्याचं म्हणणं घेतल्याशिवाय भाग लावायचा नाही. नियम चांगला होता, तो मी त्यांच्याकडूनच शिकले. म्हणून मी संबंधित कार्यालयात गेले. पहिल्यांदा साहेब मीटिंगमध्ये होते. दुसऱ्यांदा साइटवर. तिसऱ्यांदा भेटले आणि म्हणाले, "मॅडम, आत्ता मार्च एंड आहे. एप्रिलमध्ये या, सविस्तर बोलू." आम्ही 8 मार्चला महिला दिनाचा भाग लावला, 15 ला दुसरा, 22 ला तिसरा. 29 ला होळीनंतर पाणी वाचवण्याचा. शिळफाट्याच्या भागाचा एडिट तयार होता, फक्त अडीच मिनिटांची जागा मोकळी होती, त्या बाइटसाठी. नवी तारीख ठरली शुक्रवार, 5 एप्रिल.

आज मी तसं करणार नाही. तीन वेळा जाऊन माणूस बोलला नाही, तर कोणत्या तारखांना गेलो ते सांगायचं, रिकामी खुर्ची दाखवायची आणि भाग लावायचा. समोरच्याला बोलायची संधी देणं हे आपलं कर्तव्य. त्याने बोलेपर्यंत गप्प बसणं हे त्या कर्तव्यात येत नाही. त्या वेळी मला हा फरक कळला नाही, आणि सरांशी वाद घालायची माझी हिंमतही नव्हती.

कार्यक्रम बंद झाला तो शनिवारी, 30 मार्चला. कारण ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं, आम्हीच त्याचा आमच्याशी संबंध जोडला नव्हता. केबलचं डिजिटायझेशन. पहिल्या टप्प्यात मुंबई होती, तिथे 31 ऑक्टोबर 2012 नंतर सेट टॉप बॉक्सशिवाय केबल दिसायची बंद झाली, म्हणजे आमचा पहिला भाग गेल्यावर आठवड्याच्या आतच. मुलुंड चेकनाक्याच्या त्या बाजूला पडद्यावर मुंग्या आणि या बाजूला सगळं पूर्वीसारखं. दुसऱ्या टप्प्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली आणि इतर शहरं होती, त्यांची तारीख 31 मार्च 2013. फेब्रुवारीपासून मालकांची पोरं घरोघर फॉर्म भरून घेत आणि बॉक्स लावत फिरत होती. माझ्या घरीही लागला. मी सही केली, आईने चित्र किती स्वच्छ दिसतं म्हणून कौतुक केलं.

स्वच्छ चित्र कुठून येत होतं ते मालकांनी आम्हाला समजावून सांगितलं. आता सिग्नल मोठ्या कंपनीच्या हेडएंडवरूनच कुलूप लावून येणार. कुलूप उघडणार घरातल्या बॉक्समध्ये. मधल्या केबलवाल्याच्या हातात फक्त वायर. आमच्या हेडएंडच्या रॅकवर मॉड्युलेटर लावून आपली वाहिनी मध्येच घुसवायची सोयच संपली. स्थानिक वाहिनी दाखवायची तर मोठ्या कंपनीकडून जागा घ्यायची आणि तिचे पैसे भरायचे. "सर, मला एकच जागा परवडते," मालक म्हणाले. "पिक्चरचं चॅनल ठेवलं तर पोरांचे पगार निघतात. तुमच्या कार्यक्रमाला जाहिरात किती, ते तुम्हाला माहितीये." ते खरं होतं. आमच्याकडे एक क्लासवाले आणि एक साडीचं दुकान, एवढेच दोघं टिकून होते. सरांनी एकच विचारलं, "पाच तारखेचा भाग तेवढा लावता येईल का?" मालक बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लावू कुठे, सर? डबाच बंद झालाय."

कुणी आमचा आवाज दाबला असं मी म्हणणार नाही. पण देशभरातल्या घरांमध्ये डिजिटल चित्र आणताना गावातल्या माणसाने गावातल्या माणसाला प्रश्न विचारायची ती एक जागा कशी टिकेल, याचा विचार कुणी केल्याचं मला दिसलं नाही. बंद पडलेला कार्यक्रम आमचा एकट्याचाच असेल असं मला वाटत नाही.

4 एप्रिल, गुरुवार. संध्याकाळी दादाचा फोन आला. तो नुसता "शिळफाटा" म्हणाला.

लकी कंपाउंडमधली सात मजले उभी राहिलेली आणि आठव्याचं काम चालू असलेली इमारत कोसळली होती. आम्ही पोहोचलो तेव्हा रात्र झाली होती. जनरेटरचे दिवे, जेसीबी, माणसांच्या साखळ्या आणि रस्त्याच्या कडेला मोठ्या वाहिन्यांच्या गाड्या, एकामागे एक. माझ्या हातात माइक नव्हता. दादाने कॅमेरा आणला होता, पण तो पिशवीतून बाहेर काढला नाही. लोक हातांनी विटा उचलत होते, आम्हीही त्या साखळीत उभे राहिलो. मलब्यात एक प्रेशर कुकर आला माझ्या हातात, झाकण लावलेला. तो मी पुढच्या माणसाला दिला. बचावकार्य शनिवारपर्यंत चाललं. 74 माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती.

ती इमारत आमच्या टेपमध्ये नाही. मी टेप तीन वेळा पूर्ण पाहिली आहे. तिच्यासारख्या चार आहेत.

मध्यरात्रीच्या सुमाराला ती परभणीची बाई दिसली. त्यांची बिल्डिंग उभी होती, पण आत जायला कुणी तयार नव्हतं. त्या रस्त्यावर गाठोड्यावर बसल्या होत्या, मूल मांडीवर झोपलेलं, शेजारी ती निळी बादली, तिच्यात भांडी भरलेली. मला बघून उठल्या. "ताई, दाखवलं का हो तुमी आमचं?"

मी नाही म्हणाले. त्यांनी मान हलवली. राग नव्हता. मग त्यांनी मला विचारलं, मुलासाठी दूध कुठे मिळेल. दादा आणायला गेला.

पुढच्या आठवड्यात अटका झाल्या, पाडापाडी सुरू झाली, नोटिसा लागल्या. मी तयार एडिटची डीव्हीडी घेऊन गेले तेव्हा त्यांच्या खोलीला दार नव्हतं आणि त्या कुठे गेल्या ते कुणाला सांगता आलं नाही. सर नंतर चार वर्षांनी गेले. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले की ते वहीबद्दल विचारायचे, "ठेवलीयस ना?" एवढंच. दादा आता ड्रोनने लग्नं शूट करतो.

वही माझ्याकडे आहे. टेपा एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. 2022 च्या जानेवारीत खारेगावचा उड्डाणपूल सुरू झाला. मी कामावरून येताना मुद्दाम रिक्षा वरून घ्यायला लावली. रिक्षावाल्याला म्हटलं, हळू चालव. खाली रूळ दिसत होते आणि एक स्लो लोकल न थांबता निघून गेली. घरी येऊन वही काढली, जानेवारी 2013 ची ओळ शोधली आणि सहाव्या रकान्यात लिहिलं, "झालं. 2022." शाई वेगळी दिसते, आधीची निळी आहे, ही काळी.

त्याच पानाच्या पुढच्या पानावर 26 फेब्रुवारीची ओळ आहे. विषय, अनधिकृत इमारती, शिळफाटा. कोण बोललं, तीन रहिवासी. चौथा आणि पाचवा रकाना कोरा, कारण कबूल करायला कुणी आलंच नव्हतं. तिथून मुंब्र्याकडे जाताना अजूनही आतल्या गल्ल्यांत मजले चढताना दिसतात. महिन्या-दोन महिन्यांनी मी एकदा त्या रस्त्याने जाते, उतरून थोडी आत चालते, मजले मोजते आणि सहाव्या रकान्यात पेन्सिलीने तारीख घालते. त्या चौकोनात आता जागा उरलेली नाही, म्हणून शेजारी समासात लिहायला सुरुवात केली आहे.